पालेकरांमधला दिग्दर्शकही दाखवा

महोदय,

अमोल पालेकर यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख आपुलकीने लिहिला असला, तरी ‘रजनीगंधा’पासून ‘गोलमाल’पर्यंतच्या सरळमार्गी तरुणापाशीच तो रेंगाळतो आणि दिग्दर्शक पालेकरांची बोळवण दोन ओळींत करतो, हे खटकले.

वास्तविक, पालेकर हिंदी पडद्यावर लोकप्रिय होण्याआधीच दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या तालमीत प्रायोगिक रंगभूमीवर घडले होते. एलकुंचवारांच्या ‘वासनाकांड’ या नाटकासाठी परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाशी झगडणारा हा रंगकर्मी पुढे कॅमेऱ्यामागे गेला, तेव्हा त्याने आपल्या लोकप्रियतेचे भांडवल केले नाही. ‘गोलमाल’ 1979चा आणि ‘आक्रीत’ 1981चा. मानवतच्या हत्याकांडावर बेतलेल्या, तेंडुलकरांनी लिहिलेल्या या पहिल्याच चित्रपटात प्रमुख भूमिकाही त्यांनी स्वतःच केली. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकांचा डोळे झाकून विश्वास होता, तोच चेहरा त्यांनी अंधश्रद्धा आणि लालसेपायी निष्पाप मुलींचा बळी घेणाऱ्या क्रौर्याच्या कथेत आणून उभा केला. यशाच्या शिखरावर असताना आपली प्रतिमा अशी आपल्याच हातांनी मोडणारे नट आपल्याकडे किती निघतील?

‘अनकही’ खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून आला आणि त्यातील गायनासाठी पं. भीमसेन जोशी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितजींवर जीव टाकणाऱ्या आपल्या शहरात तो चित्रपट पाहिलेले लोक मात्र शोधावे लागतात. ‘ध्यासपर्व’चे (2001) तेच. महर्षी कर्वे यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो. परंतु संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल अवहेलना आणि अश्लीलतेचे खटले सोसूनही 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवणारे त्यांचे चिरंजीव रघुनाथराव या चित्रपटामुळेच अनेकांना प्रथम कळले. नाट्यसंहितांच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या पालेकरांना हा विषय का भावला असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्यांचे सगळेच चित्रपट साधले आहेत, असा माझा दावा नाही. ऑस्करसाठी भारतातर्फे पाठवलेला ‘पहेली’ मला तरी नटवेपणात हरवलेला वाटतो. त्याउलट व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा ‘बनगरवाडी’ माणदेशाचे रखरखीत माळरान कोणताही साज न चढवता दाखवतो. पण असे मतभेद व्हायला आधी ते चित्रपट पाहायला तर मिळाले पाहिजेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे आणि पालेकरही पुण्यातच राहतात. संग्रहालयाने व शहरातील फिल्म सोसायट्यांनी ‘आक्रीत’, ‘अनकही’, ‘बनगरवाडी’ आणि ‘ध्यासपर्व’ चांगल्या प्रतींवरून सलग दाखवावेत, खेळानंतर दिग्दर्शकाशी मनमोकळी चर्चा ठेवावी आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी पुढाकार घ्यावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक, एरंडवणे, पुणे