आठवीनंतर या मुलांनी कुठं जायचं, मंत्रिमहोदय?

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सादर नमस्कार.

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठी खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के जागांवर शिकलेल्या मुलांच्या घरी यंदाही आठवीच्या निकालापाठोपाठ नववीच्या फीचं पत्रक आलं. कायद्याची हद्द आठवीपर्यंत, हे आम्हांला ठाऊक आहे. मूल मात्र तेव्हा चौदाचं असतं आणि दहावी दोन वर्षांवर. फी झेपत नाही म्हणून दाखला काढायचा आणि इंग्रजीतली बीजगणित-भूमिती मराठी माध्यमात पुन्हा पहिल्यापासून लावायची. वर्गातून नेमकं कोण उठलं ते बघायचं असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर मागवा. जातीचा रकाना त्यात असतोच.

आत शिरतानाही काय कमी दिव्य असतं? वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, पण जातीचं प्रमाणपत्र हवं. आर्थिक दुर्बल गटाला वर्षाला एक लाखाच्या उत्पन्नाची मर्यादा, म्हणजे दिवसाला 274 रुपये. रोज तीनशे मिळवणारा हमाल तुमच्या लेखी सुखवस्तू! मग पोर्टलवरच्या नकाशात फुगा ओढून घर दाखवायचं. तो चार गल्ल्या सरकला की एक किलोमीटरच्या आतली शाळा लांबची ठरते, किंवा सोडतीत नंबर लागूनही पडताळणी समिती प्रवेश नाकारते. पोरगं घरी, कारण फुगा चुकला.

प्रवेश मिळाला की 'मोफत' शिक्षण सुरू होतं. सहल, स्नेहसंमेलन, स्मार्ट क्लास, ठरावीक दुकानातलाच गणवेश. शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असं कोणतंही शुल्क वा खर्च मुलावर लादता येत नाही, असं कलम 3(2) सांगतं. शाळा म्हणते, सरकार प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीची भरपाई, थकवतं, आम्ही कुठून आणायचे? तेही सगळं खोटं नाही. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 17,670 रुपये, महिन्याला पंधराशेही नाहीत. कोविडात तोच दर 8,000 वर आणला. शाळेने प्रस्ताव द्यायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तपासायचा, जिल्हा परिषदेने पुढे पाठवायचा, आणि मग तरतूद नाही. तुमच्या थकबाकीचा राग संस्थाचालक सहा वर्षांच्या पोरावर काढतो. वर्गात उभं राहून फी कुणी भरली नाही हे ऐकणारे नेहमी तेच चौघे असतात, आणि त्यांच्या घरी त्या रात्री काय होतं ते मंत्रालयाच्या कुठल्या फाईलमध्ये येत नाही.

9 फेब्रुवारी 2024 ला तर आपल्या सरकारने हा दरवाजाच लावून घेतला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्के जागांतून सूट. उच्च न्यायालयाने 19 जुलैला ती अधिसूचना रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तेच कायम ठेवलं. तोवर शाळा जूनमध्येच भरल्या होत्या आणि आमची मुलं सोडतीच्या यादीची वाट बघत होती. तो महिना कुणी भरून दिला? ज्या जिल्हा परिषद शाळेकडे आमची मुलं वळवायची होती, तिथे आपली नातवंडं किती आहेत?

शूद्रांच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो, हे जोतीरावांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला लिहून दिलं होतं. त्यांच्या जयंतीला आपण हार घालता.

दहावीपर्यंतची फी राज्याने भरावी. केंद्राचा कायदा त्याला आडवा येत नाही. प्रतिपूर्ती जूनआधी द्यावी, आणि कोणत्या शाळेला किती, कधी दिली ते पोर्टलवर लावावं. सोडतीची यादी जिथं लागते तिथंच. उत्तर 'विचाराधीन' नको, शासन निर्णयाच्या क्रमांकासह हवं.

आपले,
आरटीईतल्या मुलांचे पालक