नाव हम्मसचं, आत शेंगदाणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या कॅफे आणि पबमध्ये मिळणाऱ्या देशोदेशीच्या पदार्थांवरचा लेख वाचला. लेखिकेने मनापासून लिहिलं आहे आणि मलाही या पदार्थांचं अप्रूप आहे. पण त्यात एक गोष्ट राहून गेली. ती माझ्या घरावर बेतली, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात मुलगी, जावई आणि नऊ वर्षांच्या नातवाबरोबर एका कॅफेत गेले होते. नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यामुळे कुठेही गेलो तरी आम्ही आधी विचारून घेतो. मेनूत हम्मस दिसलं. हम्मस म्हणजे अरबीत हरभरा. शिजवलेले काबुली चणे, तिळाची ताहिनी, लिंबू आणि लसूण एवढाच त्याचा संसार. वेटरला विचारलं, "यात दाणे नाहीत ना?" तो म्हणाला, "नाही आजी, छोलेच आहेत." पोराने पावाला लावून एक घास खाल्ला आणि पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध मुलीच्या पर्समध्ये होतं, दवाखानाही जवळ होता, म्हणून निभावलं. संध्याकाळी जावयाने परत जाऊन चौकशी केली, तेव्हा आचाऱ्याने सरळ सांगितलं, "ताहिनी महाग पडते, आम्ही दाण्याचं कूट वाटून घालतो." वेटरला याचा पत्ताच नव्हता. मेनूवर मात्र ऑथेंटिक लेबनीज असं छापलेलं होतं.

पदार्थात बदल करू नये असं माझं म्हणणं नाही. पूर्वी आमच्या वरच्या खोलीत दोन इराणी विद्यार्थी भाड्याने राहायचे. सुटीच्या दिवशी ते भात करत. तांदूळ अर्धवट शिजवून निथळायचे, जाड बुडाच्या पातेल्यात तेल घालून त्यावर पसरायचे, झाकणाला फडकं बांधायचं आणि मंद आचेवर तासभर ठेवायचे. मग पातेलं ताटावर पालथं घातलं की वर सोनेरी, कुरकुरीत खरवड. आमच्या माहेरी भाताला खरवड धरली की करणारीला बोलणी बसत. ही मुलं त्या तुकड्यासाठी भांडायची. त्याला ते तहदीग म्हणत, म्हणजे पातेल्याचा तळ. यातला 'दीग' म्हणजे आपल्या डेगचीतला डेग. भातावर झेरेश्क नावाची वाळलेली, आंबट, लालभडक फळं घालत.

तीच फळं मी पुढे मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात खाल्ली. १९२३ पासूनचं हे हॉटेल. तिथला बेरी पुलाव म्हणजे इराणातला झेरेश्क पोलो, म्हणजे झेरेश्क घातलेला भात, नव्हे. त्यात मसाला आहे, आपल्या जिभेला लागतो तसा तिखटपणा आहे. पण त्यांनी त्याला नाव वेगळं दिलं आणि फळं इराणचीच वापरली. बदल असा उघड केला की माझ्यासारखी बाई दोन्ही पदार्थ आवडीने खाते.

याच्या उलट विंदालू. एका पबमध्ये जावयाने मागवलं, तर रश्श्यात निम्मे बटाटे. का, तर म्हणे नावातच आलू आहे. मूळ पोर्तुगीज शब्द विन्या द आल्यूश असा आहे आणि त्यातला आल्यू म्हणजे लसूण. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणात मुरवत. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा व्हिनेगर आला, लाल मिरची आली, आणि डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट विंदालू झालं. बटाट्याला तर गोव्यात कुणी आलू म्हणतही नाही. बटाटा हा शब्दही आपल्याला पोर्तुगिजांकडूनच मिळालाय! निदान मराठी मुलुखातल्या हॉटेलवाल्यांना तरी हे माहीत असायला हवं.

ॲलर्जीपुरता कायदा आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थातल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यायची आहे. त्यात शेंगदाणाही येतो. पण परदेशी पदार्थ हौसेने करणारे कॅफे बहुतेक एकाच जागेचे, एकाच मालकाचे. ते या नियमात बसत नाहीत. वरणभातात काय असतं हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. हम्मसचं तसं नाही. गिऱ्हाइकाला मूळ चव माहीत नसते, म्हणून त्याच्या ताटात काहीही खपून जातं. म्हणूनच अनोळखी पदार्थाच्या बाबतीत जबाबदारी जास्त, आणि ती छोट्या कॅफेवरही असलीच पाहिजे.

हॉटेलमालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे, की नियमाची वाट न पाहता मेनूत प्रत्येक परदेशी पदार्थाखाली दोन ओळी छापाव्यात: पदार्थ कुठला आणि आत काय काय आहे. ताहिनी परवडत नसेल तर दाण्याची चटणी करा आणि 'चणे-दाण्याची चटणी' असंच लिहा. चांगली झाली तर लोक खातील.

आणि आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या लेखात सजावट आणि दिव्यांबद्दल लिहिताना आचाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत, की हा पदार्थ कुणाकडून शिकलात आणि मूळ जिन्नस कोणता बदललात. पुण्यात इराण, अफगाणिस्तान, येमेनहून शिकायला आलेली मुलं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत नेऊन चव बघायला सांगावं. आमच्याकडची ती दोन मुलं इथे असती, तर मीच त्यांना पाठवलं असतं.

आपली,
एक वाचक, एरंडवणे, पुणे