तानपुरा तुटू नये म्हणून

नागपूर, २७ एप्रिल, पहाटे

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. रागात ठेवला. तू म्हणालास, "आई, एवढी मेहनत काहून करते? बाबांच्या सीडी सगळ्या एमपीथ्री करून टाक. मला तसाही फरक कळणार नाही आता." त्या 'आता'वर माझं बोलणंच अडलं. नंतर कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी होते. कुकरच्या तीन शिट्ट्या घ्यायच्या होत्या, किती झाल्या ते मोजलंच नाही, वरणाचं पार पाणी झालं.

या पत्रात तुझ्या डाव्या कानाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. अण्णा शनिवारी बंगळूरला निघताहेत, त्यांच्याबरोबर हार्ड डिस्क पाठवते. तिच्यात काय आहे आणि ते तसं का ठेवलं, एवढंच सांगायचं आहे.

बाबांच्या सीडी मोजल्या, ३१२ भरल्या. लाकडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला. आपल्या इथला मे तुला माहीतच आहे. दुपारी चारला त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाबा असताना कधी तिथून हलवायचं सुचलं नाही. या वर्षी कूलरला नवी खस लावताना कपाट पुढे ओढलं आणि एकेक सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. काहींना सुईनं टोचल्यासारखी भोकं. चंदेरी थर तिथून उडालेला. आपण चकचकीत बाजू जपत बसलो, पण खरा धोका लेबलच्या बाजूला असतो. खालून सव्वा मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पुष्कळदा पुसून, घासून निघतो. वरून मात्र नुसता लाखेचा पातळ थर आणि त्याखाली लगेच धातू. बाबा त्या बाजूवर बॉलपेननं दाबून तारीख लिहायचे. त्यांना कोण सांगणार होतं?

दुकानातून घेतलेल्या बहुतेक सुखरूप निघाल्या. घरी लिहिलेल्या सहांपैकी दोनच. घरच्या सीडीत आवाज एका रंगाच्या थरात उमटवलेला असतो, आणि ऊन, उष्णता त्या रंगाला खाते. गेलेल्या चारांत आत्याकडच्या गणपतीतली तुझी होती, सहावीतली. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. सुरुवातीची सात मिनिटं आली, नंतर नुसती खरखर. तेवढी सात मिनिटं ठेवली आहेत.

तुला आठवतं, असाच उन्हाळा होता, तू तिसरी-चौथीत असशील. झोपेतून उठून म्हणालास, "आई, कूलर आज तानपुऱ्याच्या खाली गेला." बाबांनी मीटर लावून पाहिलं तर व्होल्टेज खरंच पडलं होतं, मोटर मंद फिरत होती. पुढे आठ दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमच्या पोट्ट्याला कूलरवरून व्होल्टेज कळतं. मी त्यांना गप्प बसवत होते, पण मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं होतं.

असो. कामाचं लिहिते.

सगळं फ्लॅक नावाच्या प्रकारच्या फाइलींत ठेवलंय. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप १६ बिटांचं, डावं-उजवं वेगळं. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि सूर पकडायला त्याच्या दुप्पट मापं तरी लागतात, म्हणून दुपटीहून थोडं जास्त. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅक त्याची घडी घालतं, साडीची घालावी तशी. जागा साधारण निम्मी लागते आणि उलगडलं की एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो. वेव्ह फाइलमध्येही सगळं राहतं, पण जागा दुप्पट खातं आणि गायक, राग, तारीख त्याच्यात धड टिकत नाही. तुझ्या फोनला ॲपलचं लॉसलेस हवं असेल तर फ्लॅकवरून करून घे, त्यात काही हरवत नाही.

एमपीथ्रीचं तसं नाही. माणसाच्या कानाला काय जाणवणार नाही हे तो प्रोग्राम आधी ठरवतो. मोठ्या सुराच्या शेजारचा बारीक सूर, जोरकस थापेमागून येणारी हलकी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद. ते तो काढून टाकतो, आणि काढलेलं पुन्हा मिळत नाही. सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराला फाइल अकरा पट लहान होते, आणि सहसा १६,००० हर्ट्झच्या वरचं सगळंच जातं.

तुला खरं सांगते, मी ३२० चं एमपीथ्री आणि फ्लॅक आळीपाळीनं लावून पाहिलं, मला ओळखता आलं नाही. माझं वय ६७ आहे. पण बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करायचे. सिग्नल जनरेटरवर वारंवारता वाढवत न्यायची, आणि ज्याला ऐकू येणं थांबलं त्यानं हात खाली करायचा. शेवटच्या काही वर्षांत पहिला हात माझाच खाली यायचा. मला काही म्हणजे काही ऐकू येत नसायचं, आणि समोर चाळीस पोरं हात वर करून बसलेली असायची. तेव्हापासून 'कोणाला ऐकू येतं' हा प्रश्न मी माझ्या कानांवर सोडत नाही. तूही तुझ्या आजच्या कानावर सोडू नको. 'मला तसाही फरक कळणार नाही' हे वाक्य तू तीन आठवड्यांच्या त्रासावर बोललास. तीन आठवडे म्हणजे काहीच नव्हे.

बघ, लिहिलंच शेवटी.

चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलास हे फार चांगलं केलंस. अचानक असं ऐकू येईनासं झालं तर पहिले दिवस महत्त्वाचे असतात, औषध दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि तुझं वेळेत झालं. पण मला एकविसाव्या दिवशी कळवलंस. आणि पुढची तपासणी "बघू, चालतंय सध्या" म्हणून पुढे ढकललीस. चालतंय म्हणजे काय? सीडी खराब झाली की प्लेयर लगेच अडकत नाही. वाचता न आलेलं माप तो आजूबाजूच्या मापांवरून अंदाजानं भरतो, आपल्याला गाणं नीट चाललंय असंच वाटतं. म्हणून तर मी साध्या वेगानं कॉपी केली नाही. प्रोग्राम सुरक्षित मोडवर ठेवला, शंका आली की तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो. इतरांनी काढलेल्या प्रतींशी आपल्या प्रतीचा पडताळणीचा आकडा जुळतो का हे इंटरनेटवर तपासायची सोय आहे, पण आपल्या कितीतरी सीडी तिथे कोणी टाकलेल्याच नाहीत. त्या मी दोनदा वाचून दोन्ही आकडे जुळवून घेतले. तू सध्या त्या प्लेयरसारखं करतो आहेस बेटा. डाव्या बाजूचं उजवीकडून भरून काढतो. परवा व्हिडिओवर मी पाहिलं, फोन वाजला तर तू तो उजव्या कानाला लावलास. लहानपणापासून तू डावा लावतोस.

बाबाही "ठीक आहे" म्हणायचे. त्याच्यावर मी लिहिणार नाही.

रागावू नको. वर्गात उभं राहून आयुष्य गेलं, समजावायला लागले की आवाज चढतो. तू ३४ वर्षांचा आहेस, तुझं तुला कळतं. कुमार गंधर्वांचं उदाहरणही मनात आलं होतं, क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद, आणि त्यानंतर जे गायले ते गायले. पण अशी उदाहरणं आजाऱ्याला किती जाचतात हे मला बाबांच्या वेळी कळलं आहे. म्हणून ते फक्त सीडीपुरतं सांगते. त्यांच्या १९ सीडी आहेत आणि एकही खराब नाही.

आता तानपुऱ्याचं. बाबांच्या संग्रहात मैफलीच्या सीडी खूप. आलाप एक ट्रॅक, विलंबित दुसरा, द्रुत तिसरा, पण तानपुरा मध्ये कुठे थांबत नाही. एमपीथ्रीत प्रत्येक ट्रॅकच्या पुढे-मागे थोडी शांतता चिकटते आणि बऱ्याच प्लेयरवर दोन ट्रॅकांच्या मधे तानपुरा तुटतो. क्षणभरच, पण पाणी पिताना घोट अडकावा तसं होतं. किशोरीताई आमोणकर षड्जावर येऊन टेकतात आणि खालची जमीनच निघून जाते. फ्लॅकमध्ये ते होत नाही. गाडीत लावायला म्हणून एमपीथ्रीचा वेगळा फोल्डर केला आहे, तिथे चालवून घे. घरी मात्र फ्लॅकच लाव.

एक त्रास झाला तो भैरवीचा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटचा ट्रॅक सगळ्यात बाहेरच्या कडेला. बाबा सीडी कडेला धरायचे, खोक्यात ढकलायचे, आणि भरगच्च मैफलीच्या सीडीवर त्या कडेला असते भैरवी. तीन सीडींचं सगळं निघालं, भैरवी निघेना. मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ पुसलं, गोल नाही. गोल पुसलं की ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेनंच पडतो. दोन भैरव्या मिळाल्या.

नावं सगळी देवनागरीत घातली आहेत. सीडी टाकली की इंटरनेटवरून नावं आपोआप येतात, पण तिथे रागाचं नाव गायकाच्या जागी, तबलजीचा पत्ताच नाही. मी राग, ताल, तबला, हार्मोनियम असे वेगळे रकाने केले. कव्हर स्कॅन करताना बाबांचं अक्षर मुद्दाम येऊ दिलं. सीताबर्डीला कोणत्या दिवशी घेतली, पगार झाला होता की नव्हता, सगळं लिहिलेलं आहे. एकावर आहे, 'देशपांडे सभागृहातून परत येताना ओंकार खांद्यावर झोपला, द्रुत त्याला कळलं नाही.' ते तुला चुकीचं वाटेल. घरी आल्यावर तू द्रुताचा मुखडा म्हणून दाखवला होतास, तेव्हा ते आंघोळीला गेले होते. मी त्यांना सांगितलं की नाही ते आता आठवत नाही.

सगळं मिळून ११० जीबी झालं. एक प्रत माझ्या संगणकात, एक आत्याकडे इथेच महाल भागात, आणि एक दुसऱ्या गावी असावी म्हणून तुझ्याकडे. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाइली तपासून घे. फ्लॅकच्या आतच एक आकडा असतो, फाइल बिघडली तर तो जुळत नाही. तपासणी तारखेला करायची असते, त्रास झाल्यावर नाही. हे मी डिस्कबद्दल लिहिते आहे.

इअरफोन लावून ऐकू नको. आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, ही निरोगी कानाची मर्यादा आहे, आणि तू ऑफिसात दिवसभर ते घालून असतोस. स्पीकर लांब ठेव, आवाज कमी ठेव. काही दिवस अजिबातच ऐकावंसं वाटलं नाही तरी चालेल. डिस्क कुठे जात नाही.

अण्णांना खायला काही करून घाल. मधुमेह आहे, गोड देऊ नको. डिस्क हातात आली की फोन कर, कोणत्याही कानाला लाव.

तुझी,
आई

ता.क. ऑडिओग्रामच्या कागदाचा फोटो पाठव. पहिल्या तपासणीचा आणि नव्या तपासणीचा, दोन्ही. आलेख मला वाचता येतो.