झायलोफोनवर हात अचूक बसावा म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या बँडची तयारी सुरू झाली की बऱ्याच शाळांत झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचे) आणि ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचे) या काठ्यांनी वाजवायच्या वाद्यांवरच्या मुलांकडून अख्खे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत, पूर्ण लयीत, पुन्हा पुन्हा वाजवून घेतले जाते. चूक झाली की परत पहिल्यापासून. अशाने चूकच घोटली जाते. या वाद्यांचा रियाज कसा करावा हे शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

हार्मोनियमवर बोट पट्टीला टेकलेले असते, त्यामुळे पुढचा स्वर शेजारच्या बोटाला चाचपता येतो. झायलोफोन, मरिंबा (खर्जापर्यंत जाणारे मोठे लाकडी पट्ट्यांचे वाद्य), व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे), ग्लॉकेनस्पील किंवा आपले काष्ठतरंग यांवर वादकाचा वाद्याला स्पर्श होतो तो फक्त आघाताच्या क्षणी. बाकी सगळा वेळ काठी हवेत. मरिंबावर तर खर्जाच्या पट्ट्या रुंद आणि तार सप्तकाच्या अरुंद, त्यामुळे सा ते प हे अंतरही प्रत्येक सप्तकात वेगळे. हे अंतर हातात मुरवणे हाच इथला खरा रियाज.

आधी पट्टीवर मारायचे कुठे ते ठरवावे. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के आत एकेक जागा अशी असते, जिथे पट्टी जवळजवळ कंप पावत नाही. दोरी किंवा आधार तिथेच असतो. २५ सेंमीच्या पट्टीत ही जागा टोकापासून साधारण साडेपाच सेंमीवर येते. तिथे काठी पडली तर स्वर बरोबर असूनही आवाज बसका येतो, आणि ऐकणाऱ्याला तो चुकल्यासारखाच वाटतो. पुढच्या रांगेत मध्यावर किंवा मध्याच्या किंचित बाजूला मारावे. मागच्या, म्हणजे काळ्या स्वरांच्या रांगेत संथ लयीत मध्यावर मारावे. लय चढली की आपल्याकडच्या अगदी टोकावर यावे, म्हणजे हाताचा प्रवास कमी होतो. टोकाचा आवाज थोडा पातळ असतो, पण स्वच्छ असतो.

काठी अंगठा आणि तर्जनीच्या पहिल्या पेरात धरावी, बाकीची बोटे सैल गुंडाळलेली, तळवे जमिनीकडे. आघात मनगटातून. काठी वर थांबलेली असावी, खाली यावी आणि लगेच त्याच उंचीवर परतावी. बहुतेक मुले मारण्याआधी काठी आणखी वर उचलतात. त्या उचलण्यात वेळ जातो आणि नेमही ढळतो. त्याहून मोठी खोड तिरके मारण्याची. काठी एका पट्टीवरून दुसरीवर तिरकी झेपावली की कडेला किंवा दोन पट्ट्यांच्या फटीत पडते. आधी आडवे सरकायचे, पट्टीच्या वर पोहोचायचे, मग सरळ खाली. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रांवर ठेवून एका मात्रेला काठी सरकवा आणि पुढच्या मात्रेला मारा. चांगल्या वादकालाही हा पाठ कंटाळवाणा वाटतो, तरी रोज पाच मिनिटे तो टाळू नये.

मग पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमांचा सराव. सारे, साग, साम, साप असे करत वरच्या सा पर्यंत, दर वेळी सा वर परत येत, आधी फक्त उजव्या हाताने, मग फक्त डाव्याने. सलग चार वेळा स्वच्छ आले तरच मेट्रोनोम ४ ने वाढवावा. एकदा चुकले तर ८ ने खाली आणावा. हे पलटे फक्त पांढरी एकमध्ये (म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, C ला, सा मानून) करून भागत नाही, कारण तिथे शुद्ध स्वरांना मागच्या रांगेत जावेच लागत नाही. काळी एकमध्ये (पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून) बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, वाजवून पाहा. सा, रे, म, प, ध मागच्या रांगेत येतात, फक्त ग (पांढरी चार) आणि नी (पांढरी एक) पुढे. उजव्या हाताने सुरुवात केली तर ग उजव्या काठीवर येतो आणि म साठी डाव्या काठीला तिच्यावरून मागे काळी तीनवर जावे लागते. तिथे दांडे एकमेकांना घासतात. डाव्याने सुरुवात केली तर ग–म मोकळे होतात, पण रे–ग थोडे अडते. दोन्ही वाजवून पाहावे, गाण्यातला पुढचा स्वर कोणता ते बघून एक निवडावे आणि नोटेशनवर उ, डा असे लिहून ठेवावे. हाताचा क्रम रोज बदलत राहिला तर अचूकता कधीच येत नाही. लांब उडी असेल तिथे एकाच हाताने सलग दोन स्वर घ्यायलाही हरकत नाही.

नजरेकडे फार कमी लक्ष दिले जाते. स्टँड उंच आणि बाजूला असला की मान सारखी वरखाली होते. तो मधोमध, पट्ट्यांच्या जरा वर असावा, म्हणजे कागद वाचतानाही पट्ट्या नजरेच्या कडेला दिसत राहतात. काठी पडते आहे त्या पट्टीकडे न बघता पुढच्या पट्टीकडे बघावे. उडीत काठी अलीकडेच पडत असेल तर बहुधा पाय जागचे हललेले नसतात. हात ताणू नये, पाऊल टाकावे. पट्ट्यांवर स्वरांची नावे चिकटवण्याची पद्धत पहिल्या महिन्यापुरती ठीक, नंतर ती काढावीत. मुले अक्षरे शोधत बसतात आणि अंतर शिकायचे राहून जाते.

चूक ओळखायची असेल तर फोन वर टांगून पट्ट्यांचे चित्रीकरण करावे. एकाच जागी दर वेळी चूक होत असेल तर हाताचा क्रम तपासावा आणि त्या दोन-तीन मात्राच वेगळ्या घोटाव्यात. वेगवेगळ्या जागी होत असेल तर खांदे ताठले आहेत किंवा मूल दमले आहे. अशा वेळी थांबणेच बरे.

घरी वाद्य नसेल तर शाळेतल्या पट्ट्यांची मापे घेऊन पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचे दोन रांगांचे रेखाटन करावे. त्यावर उसळी मिळत नाही, पण आडवे सरकणे पक्के होते. एक सूचना मात्र कळकळीची: ग्लॉकेनस्पीलच्या पितळी काठ्या लाकडी पट्ट्यांवर कधीही वापरू नयेत, पट्ट्यांना खड्डे पडतात. मरिंबाच्या खर्जाला तर कडक रबरही चालत नाही, सूत गुंडाळलेली मऊ काठीच हवी. चार काठ्यांचे वादन (प्रत्येक हातात दोन), मग त्या धरण्याची पद्धत बर्टन असो वा स्टीव्हन्स, दोन काठ्यांचा हात स्थिर झाल्यावरच सुरू करावे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बर्जोर यांच्यासारख्या तालवादकांनी मोठे काम केले. त्या शहराच्या राज्यात या वाद्यांकडे बँडच्या गणवेशाचा भाग म्हणून पाहिले जाऊ नये. शाळांनी वाद्य कार्यक्रमापुरते बाहेर न काढता आठवड्यातून निदान तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास, एकेका मुलाच्या हाती द्यावे. त्यातली शेवटची पाच मिनिटे गाण्याला पुरतात.

– एक तालवाद्य शिक्षक, पुणे