काका, लक्ष्मी विलास 'वाचायला' शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय काका, सा.न.

नाव छापायचं नाही अशी तंबीच दिलीत तुम्ही, म्हणून नुसतं काका. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या लोकांना वाचता वाचताच कळेल कोण ते, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत लक्ष्मी विलास पॅलेसवर लेख द्यायचं मी कबूल करून बसले होते आणि हाताशी होतं काय तर तेच, बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट, बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट. प्रत्येक रीलमध्ये हेच एक वाक्य, जसं काही आपल्या बडोद्याच्या राजवाड्याची किंमत लंडनच्या मापानेच ठरणार. तुम्ही ते ऐकून नुसतं "हं" म्हणालात आणि विचारलंत, तुझं माहेर कोल्हापूर ना, मग न्यू पॅलेस कोणी बांधला सांग. मला काय माहीत! लहानपणापासून ती काळ्या दगडाची इमारत आणि तो घड्याळाचा टॉवर बघतीये, पण कोणी बांधला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा त्याचाच आणि बडोद्याचा आराखडाही त्याचाच. माझं माहेर आणि सासर एकाच माणसाने कागदावर काढलंय हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पण टीव्ही बंद करून ऐकायला बसल्या.

मग तुम्ही मँटची गोष्ट सांगितलीत. १८८० मध्ये इथलं काम सुरू झालं आणि १८८१ मध्ये तो गेलासुद्धा, आणि शेवटी त्याच्या डोक्याने असं घेतलं होतं म्हणे की आपली गणितं चुकलीयत, आपल्या इमारती पडणार. ही गोष्ट गाईड लोक पण सांगतात, भुताची गोष्ट सांगावी तशी. तुम्ही मात्र जन्मभर इंजिनिअर, तुम्ही कागद पेन घेऊन घुमट काढलात आणि दाखवलंत की घुमट नुसता खाली वजन देत नाही, तो बुडाशी बाहेरच्या बाजूला रेटतो, पातेल्यातलं पीठ फुगून कडांना दाबतं ना तसं, म्हणून खालच्या भिंती जाड लागतात नाहीतर कडं आवळून धरावं लागतं. आणि हा सगळा हिशोब हाताने, काँप्युटर नाही, आपल्यासारखं आरसीसी नाही, शिवाय एकाच इमारतीत गुजराती धाटणीचे घुमट, मुघली कमानी, राजपूत झरोके आणि वर व्हेनिसची नक्षी. झोप उडणारच की हो माणसाची. हे ऐकल्यावर मला तो वेडा वाटेना, उलट जबाबदार वाटायला लागला. आणि २००१ चा भूकंप झाला तरी राजवाडा उभा आहे, हे तुम्ही मुद्दाम दोनदा म्हणालात.

पुढे काम रॉबर्ट चिझमने हातात घेतलं, मद्रासहून आलेला, आणि १८९० मध्ये पुरं केलं. इथे मला तुमचा चिझमवरचा जीव दिसला! इथल्या युनिव्हर्सिटीतल्या फॅकल्टी ऑफ आर्ट्सचा मोठ्ठा घुमट त्याचाच, विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला, आम्ही तर त्याच्याखाली लेक्चर बुडवून गप्पा मारल्यात. दरबार हॉलला मध्ये एकही खांब नाही हे मी किती वेळा आत जाऊन पण कधी नोटीसच केलं नव्हतं, आपली नजर जाते ती रंगीत काचांवर आणि व्हेनिसच्या कारागिरांनी घातलेल्या मोझेकच्या फरशीवर. तुम्ही म्हणालात, फरशी नंतर बघ, आधी छप्पर कशावर उभंय ते शोध. आता कुठल्याही हॉलमध्ये, अगदी लग्नाच्या पण, मी आधी वर बघते, लोक हसतात.

पण खरं थँक्यू बागेसाठी. मला वाटायचं राजवाडा बांधला आणि उरलेल्या जागेत झाडं लावली. तर तसं नाहीच. विल्यम गोल्ड्रिंग म्हणून माणूस, आधी लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये काम केलेला, त्याने ही बाग आखली. तुम्ही फाटकापासून चालवत नेलंत आणि म्हणालात, बघ, राजवाडा एकदम दिसत नाही. रस्ता वळतो, झाडांचा घोळका आडवा येतो, एक घुमट दिसतो, परत झाडं, मग अचानक सगळा. मुघल बागेसारखे सरळ पाट आणि चौकोन इथे नाहीत. म्हणजे इमारत एवढी देशी वेषातली आणि भोवती इंग्लंडचं पार्क, ते पण बडोद्याच्या मे महिन्यात! मला तरी हे कॉम्बिनेशन थोडं विचित्रच वाटतं, तुम्हाला नाही वाटत, आपण त्यावर भांडलो पण. आणि राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, ती तर १५व्या शतकातली, म्हणजे गोल्ड्रिंगच्या आधी चारशेहून जास्त वर्षं पाणी तिथे होतंच. तुमचं म्हणणं पटलं मला, पाणी बघूनच माणूस झाडं लावतो, साहेब असो नाहीतर सुलतान.

राजपुत्रांच्या छोट्या आगगाडीची गोष्ट माझ्या लेकीला सगळ्यात आवडली. आमराईतून गाडीने शाळेत जायचं आणि ती शाळा म्हणजे आताचं फतेहसिंह म्युझियम! आता तिला रिक्षातून शाळेत जायला अपमान वाटतो, त्याची जबाबदारी तुमची.

आणि एक, सर टी. माधवरावांचं. काम सुरू झालं तेव्हा महाराज सयाजीराव वयाने लहान, कायद्याने अज्ञान होते, कारभार दिवाणांकडे, आणि हे दिवाण मूळचे तंजावरकडचे मराठी. हे माहीत असलेलं आमच्या मंडळात कोणीच नव्हतं, त्यामुळे लेखात ते सगळ्यात वर घातलंय.

स्मरणिकेच्या दोन प्रती घेऊन येते, एक काकूंसाठी, त्यांनी दर वेळी चहाबरोबर गरम काहीतरी दिलं म्हणून. येताना वही पण आणणार आहे कारण बडोद्यातली न्यायमंदिराची इमारत राहिलीय, ते भाजी मार्केट म्हणून बांधलं आणि कोर्ट झालं एवढंच सांगून तुम्ही उठलात. रविवारी चालेल ने?

तुमची,
कोल्हापूरची सून