शिकोकूच्या वाटेबद्दल, काकांना

ओसाका, १४ सप्टेंबर २०२५

ती. काका व सौ. काकूंस सा. न. वि. वि.

तुम्ही नोव्हेंबरात येताय आणि ‘तिथल्या वारीत’ चार पावलं टाकायची म्हणताय, म्हणून सगळं लिहूनच काढतो. फोनवर निम्मं राहून जातं.

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत लहान. त्याला वळसा घालत ८८ देवळं आहेत आणि पायवाट साधारण १२०० किलोमीटरची. आळंदी ते पंढरपूर अडीचशे धरलं तर जवळजवळ पाच वाऱ्या. सलग चालणाऱ्याला दीड महिना लागतो. दैवत म्हणाल तर कोबो दाइशी, म्हणजे कूकाई नावाचे भिक्षू (७७४–८३५). याच बेटावर जन्मले, चीनला जाऊन मंत्रयान, म्हणजे मंत्रांवर भर देणारा बौद्ध पंथ, शिकून आले. यात्रेकरूला ‘हेन्रो’ म्हणतात.

वारीशी फरक आधी समजून घ्या, नाहीतर तिथे चुकल्यासारखं होईल. इथे तिथी नाही, दिंडी नाही, सामान वाहणारा ट्रक नाही, टाळ-मृदंग तर नाहीच. माणूस बहुधा एकटा चालतो. पण त्याच्या काठीवर आणि टोपीवर ‘दोग्यो निनिन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोघे बरोबर चालताहेत. दुसरे म्हणजे दाइशी. काठी हेच त्यांचं रूप. म्हणून मुक्कामी पोचलं की आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली उपाशीपोटी झोपले होते, त्यांची झोप मोडू नये. पांढरा सदरा हे कफन समजतात. पूर्वी वाटेत मेलेल्याच्या पुरल्या जागी त्याची काठीच खूण म्हणून रोवत.

नोकरदार माणूस ही यात्रा हप्त्यांनी करतो. त्याला ‘कुगिरी-उची’ म्हणतात. मेच्या सुरुवातीची सुट्टी, नाताळनंतरची सुट्टी, एखादा लांबलेला शनिवार-रविवार, असे तुकडे जोडत पाच-सात वर्षं. मागचा तुकडा जिथे सोडला तिथूनच पुढचा उचलायचा, एवढाच नियम. माझ्या मते परदेशी नोकरी करणाऱ्याला हीच पद्धत बरी. ‘स्वतःचा शोध’ घ्यायला म्हणून जे दीड महिन्याची रजा काढून येतात, त्यांच्या पाठीवर बहुधा बारा किलोची पिशवी असते आणि तिसऱ्या दिवशी शोध फक्त पोस्ट ऑफिसचा असतो, सामान परत पाठवायला. वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पाठीवर नको. तुम्हाला सहा किलो, काकूंना पाच, पाण्यासकट. काय लागत नाही ते घरी बसून कळत नाही, तिसऱ्या दिवशी खांदे सांगतात.

वाटेचे चार भाग चार प्रांतांत आहेत आणि त्यांना नावं आहेत: तोकुशिमा म्हणजे होश्शिन, कोची शुग्यो, एहिमे बोदाई, कागावा नेहान. आपल्या भाषेत बोधिचित्त, साधना, बोधी, निर्वाण. कोची नावाला जागतो. तिथे ३७ ते ३८ या दोनच देवळांत ऐंशी किलोमीटरचं अंतर आहे, एका हाताला समुद्र आणि बाकी नुसता रस्ता. मनातली ऑफिसची बडबड थांबायला दोन दिवस जातात असं चालणारे सांगतात. त्यानंतर काय ऐकू येईल ते ज्याचं त्याला.

तुमच्यासाठी मात्र दोन दिवस, देवळं १ ते ११. ओसाकाहून बसने तोकुशिमा अडीच-तीन तास. तिथून कोतोकू लाइनने बान्दो स्टेशन, आणि पायी दहा-पंधरा मिनिटांवर पहिलं देऊळ, र्‍योझेनजी. हे नाव आपल्या राजगीरच्या गृध्रकूट पर्वतावरून पडलंय.

पहिला दिवस १ ते ६, सोळा किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं आणि इथेच लोक फसतात. प्रत्येक देवळात पंचवीस-तीस मिनिटं जातात, म्हणजे सहा देवळांचे तीन तास. दर्शन झाल्याची खूण म्हणून प्रत्येक देवळात वहीवर शिक्का घेतात, त्याची कचेरी आठ ते पाच. एक मिनिट उशीर झाला तरी शिक्का नाही, आणि नोव्हेंबरात पाचला अंधार. म्हणून आठच्या ठोक्याला पहिल्या देवळात. मुक्काम सहाव्या, आन्राकुजीच्या धर्मशाळेत. तिथे गरम झऱ्याचं स्नान आहे. दुसऱ्या दिवशी एकवीस किलोमीटर, वाटेत दहाव्या किरिहाताजीच्या ३३३ पायऱ्या. पिशव्या पायथ्याशी ठेवूनच चढा. अकरावं झालं की कामोजिमा स्टेशनवरून परत.

बारावं शोसानजी नको. तेरा किलोमीटरची ती डोंगरवाट ‘हेन्रो-कोरोगाशी’ म्हणून ओळखतात, यात्रेकरूला गडगडवणारी. साडेसातशे मीटर चढून खाली साडेतीनशे उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं. गुडघे जातात ते त्या उतारावर. मध्ये दुकान नाही.

देवळातला क्रम असा. दारात वाकून नमस्कार, हात धुणे, येतानाच घंटा (जाताना वाजवणं अशुभ), मग मुख्य मंदिरात एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, नावाची चिठ्ठी, नाणं आणि पाठ. नंतर हेच सगळं दाइशींच्या मंदिरात. दुसऱ्याच्या मेणबत्तीवर आपली पेटवू नका, त्याचं कर्म आपल्याकडे येतं म्हणतात. चिठ्ठ्या देवळागणिक दोन, म्हणजे अकराला बावीस. शंभराचं पुडकं घेऊ. पहिल्या चार फेऱ्यांना पांढरी चिठ्ठी, पुढे हिरवी, लाल, रुपेरी, सोनेरी आणि शंभरीनंतर जरीची. शिक्का आता ५०० येन, २०२४ च्या एप्रिलपर्यंत ३०० होता. सगळं रोखीत, नाणी भरपूर ठेवा.

पाठ ऐकून काका तुम्ही थबकाल. ‘ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई, हारा सो ग्यातेई, बोजी सोवाका.’ हे आपलं ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’. प्रज्ञापारमिता हृदयसूत्र चीनमार्गे इथे पोचताना उच्चार एवढे झिजले. तुम्ही मूळ संस्कृतात म्हणा, कुणाची हरकत नसते.

वाटेत कुणी संत्री, चहा, क्वचित पैसेही देतं. त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. नको म्हणायचं नाही. देणारा तुमच्या हातून दाइशींना देत असतो. दोन्ही हातांनी घ्या आणि नावाची एक चिठ्ठी त्याला द्या.

माळकऱ्याची खरी अडचण जेवणाची. देवळाची धर्मशाळा आहे म्हणून शाकाहारच मिळेल हे धरून चालू नका, मासे असतात. साध्या दिसणाऱ्या सारात आणि उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्श्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क, ‘दाशी’, असतो. खोली राखताना मी आधीच सांगून ठेवीन, तरी भात, तोफू आणि लोणच्यावर भागवायची तयारी ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणा. दुकानातला भाताचा गोळा घ्यायचा तर उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, तोही वेष्टण मला दाखवून.

वाट बहुतेक डांबरी आहे, म्हणून डोंगरी बूट नकोत. मऊ तळव्याचे, एक माप मोठे बूट आणि सुटी बोटं असलेले मोजे. फोड येतात ते घामाने आणि घासण्याने. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाळवले तर पुष्कळ टळतात. मोजे इथून घेतो. इथे माप सेंटिमीटरमध्ये लागतं. दोघांनी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना कागदावर उभं राहून टाच ते अंगठा मोजा आणि काकूंच्या उजव्या पायाचं वेगळं कळवा.

तुमचा पुतण्या