नाशिकची थंडी नाशिकलाच राहू दे

ठाणे, २५ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू इथे ठाण्याला राहायला येताना आणायची म्हणून स्वेटर, रजया, ब्लँकेटं मोजून दाखवलीस. चार रजया आणि सात स्वेटर म्हणजे टेम्पो ठाण्याला नाही, काश्मीरला निघाल्यासारखा! फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून नीट लिहिते.

निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो, त्या गारठ्याची तुम्हाला सवय आहे. इथे पहाटे १६-१७ अंश झाले की लोक कानटोप्या शोधतात आणि दुपारी पंखा लावतात. पावसाचं उलट. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून कुठलीही वस्तू उचलताना ती ऊब किती देते हे बघू नकोस, भिजली तर वाळेल किती वेळात ते बघ. जुलैत इथल्या गॅलरीत ऊन येत नाही. कपडे वाळतात ते पंख्याखालीच.

रजया चारही दादाकडे ठेव. कापूस न भिजतासुद्धा हवेतली ओल ओढतो. आधी कुबट वास येतो, मग शिवणीच्या कडेने बारीक काळे ठिपके उठतात. ती बुरशी. एकदा धरली की ठिपके जात नाहीत, रजई धुता येत नाही आणि उन्हात टाकायची तर ऑक्टोबर उजाडतो. त्यांच्याऐवजी जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या आण, पण तीन-चार पदरांच्याच. ती सहा पदरांची जाड गोधडी नको, ती आतून वाळतच नाही. सोलापुरी चादरी चार. पाहुण्यांसाठी एक पातळ ब्लँकेट. एवढ्यात भागतं.

लोकरीचं म्हणशील तर दोघांची एकेक बिनबाह्यांची बंडी, एकेक शाल आणि बाबांची कानटोपी. बाबा उपवनला पहाटे फिरायला जाणार असतील तर टोपी हवीच, येऊरच्या डोंगराखाली गार वाटतं. पूर्ण बाह्यांचे स्वेटर नाशिकलाच राहू देत. जानेवारीत तिकडे जाल तेव्हा लागतील, मग इथे सहा महिने जपायचे कशाला? एक मात्र ध्यानात ठेव, शाल माळ्यावर टाकायची नाही. ती डिसेंबरपेक्षा जुलैत जास्त लागते. भिजून आल्यावर वाऱ्यात हुडहुडी भरते तेव्हा हाताशी हवी.

आता महत्त्वाचं. जे आणायचं ते सगळं तिकडेच, मेच्या पहिल्या पंधरवड्यात कडक वाळव. ठाण्याची मेमधली हवासुद्धा खाडीमुळे दमट असते, इथे येऊन वाळवू म्हणशील तर फसशील. गच्चीवर दोन दिवस पूर्ण ऊन, दुपारी एकदा उलटं करायचं. संध्याकाळी आत आणून पंख्याखाली पसरून ठेव आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घाल. गरम कपडा तसाच प्लॅस्टिकमध्ये बांधला तर रात्री आत दव धरतं. इस्त्रीच्या कपड्यांचंही तेच. पाणी शिंपडून इस्त्री केली की अर्धा तास टांगून मग कपाटात. कॉटनच्या साड्यांची खळ धुऊन काढ. खळीवर बुरशीही धरते आणि कसरही लागते.

डांबराच्या गोळ्यांनी कसर थांबते, ओल थांबत नाही. बाबांना त्या वासाने खोकला येतो, म्हणून लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे घाल, मलमलच्या पुरचुंडीत बांधून. पैठणीजवळ तर गोळी नकोच, जरतार काळी पडते. ती जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळायची, प्लॅस्टिकमध्ये नाही. ओल शोषणारे डबे मी इथून आणते, कपाटाच्या एका खणात एक. ते पाण्याने भरतात आणि कलंडले तर ते पाणी कपडा खराब करतं, म्हणून वरच्या फळीवर ठेवायचे नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवू. पत्र्याची पेटी आणणार असशील तर तिच्याखाली दोन विटा.

बाबा, तुमची काळी लांब दांड्याची छत्री आणा. घोडबंदर रोडच्या वाऱ्यात घडीची छत्री उलटी होते. पण तिची काठी करू नका, तिचं लोखंडी टोक ओल्या फरशीवर सटकतं. काठी वेगळी आणि तिला नवं रबरी बूड बसवून घ्या. घरी आल्यावर छत्री उघडीच बाथरूममध्ये ठेवायची, ओली बांधली की काड्यांचे सांधे गंजतात. रेनकोट शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा घ्या. आईला साडीवर रेनकोट चालत नाही, तिला मोठी छत्रीच बरी.

चपला इथेच घेऊ, तिकडे पैसे घालू नका. हवाई चप्पल चालताना चिखलाचे शिंतोडे मागून पोटऱ्यांपर्यंत, साडीच्या काठावर उडवते, आणि तळ झिजला की लॉबीच्या ओल्या टाइल्सवर पाय जातोच. मागे पट्टा असलेली, खोल नक्षीच्या तळाची सँडल हवी. कोल्हापुरी, चामडी पट्टा, पाकीट हे सगळं दसऱ्यानंतर. चामड्यावर आठ दिवसांत पांढरी बुरशी येते.

पापड-कुरडया आणशीलच, तू ऐकणार नाहीस. रबर असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात आण, आणि डबे छोटे ठेव. मोठा डबा रोज उघडला की दोन आठवड्यांत सगळं सादळतं.

सामान १५ ते २० मेच्या दरम्यान निघू दे. मुंबई-ठाण्याला मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, पण वळवाची सर त्याआधी कसाऱ्याच्या घाटात गाठू शकते. टेम्पोवाल्याला ताडपत्री दोन पदरी आणि बाजूंनाही खाली ओढून बांधायला सांगा. गाद्या सगळ्यात वर ठेवू नका, पाणी पहिलं तिथे उतरतं. बाबांच्या फाइली आणि फोटोंचे अल्बम टेम्पोत नको, हातातल्या बॅगेत.

वेखंड तिकडून पावशेर आण, इथे महाग मिळतं.

तुमची,
ताई